कांबळे बाईंचा तोल

कांबळे बाई शाळेत कुणाला नावानं हाक मारत नसत. शिक्षकांना त्या विषयानं ओळखत. मी मराठी शिकवायची म्हणून मी 'मराठी'. गणिताचे सर रजेवर असले की त्या सातवीच्या दारात उभ्या राहून "आज गणित न्हाय" असं सांगायच्या आणि वर्ग खूश व्हायचा. हेडमास्तर म्हणजे 'ऑफिस'. "ऑफिस आज तापलंय," असं त्या सकाळी म्हणाल्या की आम्ही दुपारपर्यंत तिकडं फिरकत नसू. स्वतः त्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका, म्हणजे 'ग्राउंड'.

आमची सरकारी मराठी शाळा निपाणीपासून आठ-नऊ किलोमीटरवर. बाई निपाणीतच राहायच्या, आमच्या मागच्या गल्लीत. लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्या स्कूटरवर मागं बसून मी अकरा वर्षं शाळेला गेले. मला सायकलसुद्धा येत नव्हती आणि या गोष्टीचा बाईंना मनापासून कमीपणा वाटायचा. त्या माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या. शाळेत मी त्यांना बाई म्हणायची, बाहेर आक्का.

माणूस कसा उभा राहतो यावरून बाई त्याच्याविषयी मत बनवत, आणि ते मत त्या त्याला लगेच सांगत. शाळेत पहिल्याच दिवशी त्यांनी मला पायांपासून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "सगळं वजन उजव्या टाचेवर टाकतीस. कशाला भितीस?" मी कशाला भिते हे मला तोवर माहीत नव्हतं. पंचायतीचे एक मोठे सभासद शाळेत भाषण करून गेले, तेव्हा त्यांच्या भाषणाबद्दल बाई काहीच बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बोलताना टेबल धरलंतं त्यांनी."

हे त्यांच्याकडं वडिलांकडून आलं होतं. वडील निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हमाल होते. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आई त्याच वखारीत तंबाखू चाळायची. वडिलांविषयी बाई फार बोलत नसत. एकदा मात्र म्हणाल्या, "फळी हलायची गं. आप्पाचे पाय हलायचे न्हाईत." दोघांनी मिळून मुलगा बँकेत आणि मुलगी शाळेत अशी दोन पोरं नोकरीला लावली. बाईंच्या बाहेरच्या खोलीत आईवडिलांचा एकच फोटो होता. त्यातही वडील खुर्ची असून उभे होते.

आठवीच्या मुलींना सरकारी सायकली मिळाल्या की दुसऱ्या दिवसापासून मैदानावर बाईंचं काम सुरू व्हायचं. त्यांची पद्धत एकच होती. सायकल धरायची नाही.

"बाई, धरा की," मुलगी म्हणायची.

"मी धरणार न्हाय. मी धरलं की तू माझ्यावर तोलणार. मग मी सोडल्यावर काय करशील?"

"पडीन."

"मग आत्ताच पड. मी हाय तोवर पड."

मुली पडायच्या, गुडघे फुटायचे, बाई हळद लावायच्या आणि पुन्हा बसवायच्या. बारा-पंधरा दिवसांत सगळ्यांना यायचं. एका मुलीची आई कुंपणाबाहेर उभी राहून रोज बघायची. चौथ्या दिवशी बाईंनी तिला विचारलं, "शिकायचंय?" ती लाजून निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी साडी खोचून आली. नवव्या दिवशी ती सायकलवरून गिरणीत दळण घेऊन गेली. दहाव्या दिवशी तिचा नवरा शाळेत आला.

"आमच्या घरात नाद लावलासा तुम्ही," तो म्हणाला.

बाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "तुमचा डावा खांदा उतरलाय. कसलं ओझं उचलता?"

तो गोंधळला. "सोसायटीत खताची पोती."

"खांदा बदलत जावा. नायतर पन्नाशीत मान धरंल."

त्यानंतर तो दर महिन्याला खांदा दाखवायला यायचा. बायकोची सायकल तो बाहेर धरून उभा असायचा.

बाईंचा डावा कान कधी जायला लागला हे नक्की कुणालाच सांगता येणार नाही. त्यांनी स्वतः वर्षभर मोबाइल कंपनीला दोष दिला. आवाज येत नाही म्हणून फोन बदलला, मग सिम बदललं. एकदा डाव्या हातात चहा होता म्हणून फोन उजव्या कानाला लावला तेव्हा आवाज खणखणीत आला. तरी त्यांनी कानावर संशय घेतला नाही. निपाणीत नेटवर्क उजवीकडून चांगलं येतं, एवढंच त्यांनी ठरवून टाकलं.

मग कानात आवाज यायला लागला. "शेजारी कुकर लावलाय आणि शिट्टी होत न्हाय, असं," त्या म्हणाल्या. नुसती वाफ. दिवसभर.

त्याच वर्षी तालुक्याहून तपासणीला एक कन्नड अधिकारी आले. मैदानावर बाईंच्या डाव्या अंगाला उभे राहून त्यांनी कन्नडमध्ये मैदानावर किती मुलं आहेत असं विचारलं. त्यातलं मैदान बाईंच्या डाव्या कानात विरून गेलं. "एष्टु मक्कळु?" म्हणजे किती मुलं, एवढंच पोचलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "मदुवे आगिल्ला, सर." लग्न झालं नाही, सर. अधिकाऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या खिडकीशी जाऊन एकदा डाव्या कानाशी आणि एकदा उजव्या कानाशी बोटं चोळून बघत होत्या.

मला खरी शंका आली ती स्कूटरवर. अकरा वर्षं मी त्यांच्या पाठीमागं बसले होते, त्या कुठं वळतील हे मला पाठीवरून कळायचं. पावसाळ्याच्या सुमाराला स्कूटर सरळ रस्त्यावर डावीकडं सरकायला लागली. थोडीच, वीतभर. मग बाई ती परत आणायच्या. मग पुन्हा वीतभर.

"आक्का, गाडी वढतीय का?"

"रस्ता उतरता हाय," त्या म्हणाल्या. तो रस्ता उतरता नव्हता.

त्यानंतर काही दिवसांनी त्या सातवीच्या मुलींना एका पायावर उभं राहायला शिकवत होत्या. आधी डोळे उघडे, मग मिटून. हे त्या दरवर्षी स्वतः करून दाखवायच्या. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले आणि तिसऱ्या सेकंदाला, झाड तोडल्यावर पडतं तशा डाव्या अंगावर आडव्या झाल्या. बाई पडल्या जागी काही वेळ राहिल्या. मग उठून बसल्या, कोपराची माती झाडली आणि म्हणाल्या, "बघितलंत? पडताना हात पुढं घालायचा न्हाय, मनगट मोडतंय. कोपर अंगाला लावून पडायचं. आता ओळीनं पडा."

चाळीस मुली ओळीनं पडल्या. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. संध्याकाळी बाईंनी स्कूटर काढली नाही. "बसनं जाऊया," म्हणाल्या, आणि बसमध्ये मला सांगितलं, "डोळं मिटलं आणि जमीन गेली."

चक्कर येते म्हणून बाई आधी एकदा निपाणीच्या डॉक्टरांकडं गेल्या होत्या, त्यांनी दिलेल्या गोळ्या संपल्या होत्या. यावेळी त्यांनी कानाची मशीनवर तपासणी केली आणि बेळगावला पाठवलं. बेळगावला डोक्याचा एमआरआय झाला. मोठ्या डॉक्टरांसमोर बाई, त्यांचे बेळगावला राहणारे भाऊ, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, आणि मी असे तिघं बसलो. डॉक्टर मराठीत सावकाश बोलत होते. ऐकण्याची आणि तोलाची नस कानाकडून मेंदूकडं जाते, तिच्यावर गाठ आहे. कॅन्सर नाही. फार हळू वाढते, बरीच वर्षं असणार. लहान असती तर नुसती लक्ष ठेवून राहिलो असतो, पण आता ती मेंदूला टेकलीय.

"मग एवढी वर्षं मी उभी कशी होते?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांना हा प्रश्न आवडला असावा. ते म्हणाले, "माणसाला तोल तीन ठिकाणांहून कळतो. कान, डोळे आणि तळपाय. तुमचा डावा कान हळूहळू रजेवर गेला, बाकीच्यांनी त्याचं काम वाटून घेतलं. तुम्ही डोळे मिटलेत तेव्हा आणखी एक जण रजेवर गेला."

"तळपाय एकटे पडले."

"बरोबर. ऑपरेशननंतर डावीकडचं जे काही थोडं उरलंय तेही जाईल. पहिले काही दिवस सगळं फिरेल. मग मेंदू शिकतो. पण त्याला शिकवावं लागतं, पडून राहिलं तर शिकत नाही. ऐकू मात्र त्या कानानं पुन्हा येणार नाही. आणि चेहऱ्याची नस तिथूनच जाते. ती वाचवायचा आम्ही प्रयत्न करू. तरी चेहरा काही काळ वाकडा राहू शकतो."

अण्णांनी रुमाल काढला. बाईंनी विचारलं, "शिट्टी वाजंल का?"

"कसली शिट्टी?"

बाईंनी पर्समधून शिट्टी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती हातात घेऊन पाहिली. "ओठ नीट मिटले नाहीत तर वारा बाजूनं जाईल," ते म्हणाले. "आत्ता मी शब्द देऊ शकत नाही."

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे ऑपरेशन. डोक्यात हात घालणं म्हणजे काय साधं काम हाय? नोकरी सोड, माझ्याकडं येऊन ऱ्हा. बसून खा."

"अण्णा, ती गाठ बसूनच हाय," बाई म्हणाल्या. "मी पण बसले तर दोघी वाढू."

ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. व्यायाम आधीपासून सुरू करा असं सांगितलं होतं. शंभर मीटरच्या शर्यतीसाठी मैदानावर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या, त्यातल्या एका रेघेवरून बाई शाळा सुटल्यावर एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत चालायच्या. मी शेजारून चालायची. दहाव्या-बाराव्या पावलाला त्या डावीकडं कलायच्या, थांबायच्या, पुन्हा रेघेवर यायच्या. एकदा मी न राहवून विचारलं, "भीती वाटती का?"

"व्हय," त्या म्हणाल्या, आणि पुढचं पाऊल टाकलं.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते संपायला दिवस कलला. अण्णा आणि मी बाकावर बसून होतो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, गाठ निघाली, चेहऱ्याची नस शाबूत आहे, पण दमली आहे. नस दमते हे मला पहिल्यांदाच कळलं.

दोन दिवसांनी भेटायला गेले तर बाईंच्या डोक्याला पांढरं बँडेज, तोंडाची डावी बाजू उतरलेली, डावा डोळा मिटत नव्हता म्हणून त्यावर पट्टी. उजव्या डोळ्यानं त्या भिंतीवरच्या एका खिळ्याकडं टक लावून बघत होत्या. मान हलवली की उलटी व्हायची.

"पंखा बंद करा," त्या म्हणाल्या.

पंखा बंदच होता. नर्सनं तसं सांगितलं.

"मग छत बंद करा," बाई म्हणाल्या.

चौथ्या दिवसापासून व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी यायला लागली. खानापूरकडची होती. तिचं नाव बाईंनी विचारलं नाही, पहिल्याच दिवशी तिला 'तोल' म्हणायला सुरुवात केली. अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर अंगठ्यावर ठेवायची आणि मान डावी-उजवी करायची. सोपं दिसायचं. बाईंना दरदरून घाम फुटायचा. ती मुलगी कन्नडमध्ये आकडे मोजायची, ओंदु, एरडु, मूरु. बाई तिला थांबवून म्हणाल्या, "आकडे मी मोजणार. तू मोजलंस की तुझी घाई होती." मग त्या स्वतःच मोजायला लागल्या. वाकड्या तोंडातून 'पाच' बाहेर पडायचा नाही, नुसती हवा यायची. त्या चारनंतर थांबायच्या, हवा सोडायच्या आणि सहा म्हणायच्या.

आठव्या दिवशी त्यांना बाहेरच्या लांब बोळात चालवलं. अण्णांनी दंड घट्ट धरला होता.

"अण्णा, सोड."

"पडशील."

"सोड म्हंते न्हवं."

अण्णांनी सोडलं. बाई पाय फाकवून उभ्या राहिल्या, पाच-सहा पावलं गेल्या. पुढं बोळ वळत होता. वळायचं म्हणजे मान फिरवायची. तिथं त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. पाय उचलला जाईना. मग माझ्याकडं न बघता त्यांनी हात नुसताच बाजूला काढला.

"मराठी, धर," त्या म्हणाल्या. "घट्ट नको."

मी हात धरला. आम्ही वळलो आणि टोकाच्या खिडकीपर्यंत गेलो. खाली आवारात रिक्षा लागलेल्या होत्या. बाई त्यांच्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"एवढी वर्षं पोरींना सांगितलं, धरणार न्हाय म्हणून," त्या म्हणाल्या. "चुकलंच की गं."

परत येताना अर्ध्या वाटेवर त्या थांबल्या. "सगळं न्हाय चुकलं. पहिले दोन दिवस धरायला पायजे होतं. तिसऱ्या दिवशी सोडायचं."

चार महिन्यांनी बाई शाळेत हजर झाल्या. चेहरा बराच वर आला होता, तरी हसताना डावी बाजू मागं राहायची. त्यामुळं त्या पूर्वीपेक्षाही कमी हसायला लागल्या. हेडमास्तर भला माणूस होता. त्यांनी बाईंना वाचनालय दिलं. वाचनालय म्हणजे दोन कपाटं आणि एक खुर्ची. बाई तीन दिवस तिथं बसल्या. चौथ्या दिवशी खुर्ची उचलून त्यांनी मैदानावर नेली.

हेडमास्तर धावत आले. "बाई, तुम्ही पडलात तर जबाबदारी कुणाची?"

"जमिनीची," बाई म्हणाल्या.

हेडमास्तरांनी यावर विचार केला. नियमात काही सापडलं नसावं. ते परत गेले. खुर्ची दोन महिने मैदानावर होती. तिच्यावर बाईंना बसलेलं मी फार वेळा बघितलं नाही, पण तिच्या पाठीला एक बोट टेकवून त्या उभ्या असायच्या.

एका कानानं आवाज कुठून येतो ते कळत नाही, ही गोष्ट त्यांना मैदानावरच समजली. डावीकडून मुलगी "बाई" म्हणाली की त्या उजवीकडं वळायच्या, आणि झटकन वळलं की तोल जायचा. मग त्यांनी नियम केला. हाक मारायची नाही, समोर येऊन उभं राहायचं. नियम सगळ्यांना लागू होता. हेडमास्तरसुद्धा मैदान ओलांडून समोर येऊन उभे राहायचे आणि मगच बोलायला लागायचे. शाळेतला आरडाओरडा त्यामुळं बराच कमी झाला.

शिट्टीचं काम चेहऱ्याच्या नसेवर अवलंबून होतं आणि नस घाई करत नव्हती. बाई डाव्या ओठाच्या कोपऱ्यावर बोट दाबून फुंकायच्या, तरी वारा निसटायचा. एक मुलगी म्हणाली, "बाई, मी वाजवू?"

"नको. हात वर केला की पळा. वाजायची तेव्हा वाजंल."

कित्येक महिने मुली हाताच्या खुणेवर पळाल्या. बाई हात वर करायच्या आणि फुंकायच्याही. पावसाळा सरता सरता एका सकाळी मी वर्गात फळ्यावर लिहीत होते आणि बाहेर शिट्टी वाजली. पूर्ण नव्हती, चिरकी होती. सगळा वर्ग खिडकीशी गेला. मी त्यांना बसा म्हणाले नाही. मैदानावर मुली पळायच्या विसरून उभ्या होत्या आणि बाई त्यांना विचारत होत्या, "ऐकू आलं न्हाय व्हय?"

स्कूटर मात्र जमली नाही. त्यांनी एकदाच मैदानावर चालवून बघितली. सरळ नीट गेली. मागं बघायला मान वळवली तशी गाडी गेली कुंपणाकडं. त्यांनी ब्रेक लावला, गाडी स्टँडला लावली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"आता तू."

मी एक्कावन्न वर्षांची होते. मी नाही म्हणायची कारणं सांगायला लागले. बाई माझ्या पायांकडं बघत उभ्या राहिल्या, तेव्हा मी थांबले आणि सीटवर बसले. पहिले दोन दिवस त्यांनी मागची कडी धरली. गाडी चालण्याच्या वेगानं पुढं जायची आणि त्या मागून यायच्या. त्यात कोण कुणाला धरून होतं ते मला सांगता येणार नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी न सांगता सोडलं. मी पडले. कोपर अंगाला लावून पडले. बाईंनी हळद लावली.

त्यानंतर त्या निवृत्त होईपर्यंत दोन वर्षं मी पुढं आणि त्या मागं. "मराठी, खड्डा," असं त्या खड्डा मागं गेल्यावर सांगायच्या.

निवृत्तीनंतर अण्णांनी बेळगावला कॅम्पाजवळच्या आपल्या घरात त्यांच्यासाठी खोली तयार ठेवली होती. बाई तिथं महिनाभर राहिल्या. अण्णा रस्ता ओलांडताना अजून दंड धरायचे. मग त्या गोव्याच्या वाटेवरच्या लोंढ्याला गेल्या. तिथं त्यांची मावसबहीण एकटी राहायची आणि तिला कुणीतरी हवं होतं. लोंढ्यात आसपासच्या वस्त्यांवरून बायका त्यांच्याकडं सायकल शिकायला येतात, असं फोनवर कळायचं. फोनवर त्या थोडंच बोलायच्या.

गेल्या हिवाळ्यात मी बेळगावहून रेल्वेनं मुलीकडं गोव्याला निघाले होते. गाडी लोंढ्याला थांबते म्हणून कळवलं होतं. बाई प्लॅटफॉर्मवर होत्या. केस पूर्ण पांढरे, पायात कापडी बूट. मला खाली उतरू न देता त्या खिडकीशी आल्या आणि आत डबा सरकवला. "झुणका हाय. वर मिरची ठेवलीय, बघून खा." मग त्यांनी मुलीची चौकशी केली, शाळेची केली, ऑफिस कसं आहे विचारलं. हेडमास्तर बदलून वर्ष झालं होतं. मी तसं सांगितलं.

"हा नवीन उभा कसा ऱ्हातो?"

"बरा राहतो."

गाडीनं शिट्टी दिली. बाई खिडकीपासून दोन पावलं मागं सरल्या.

"एक सांगते, रागावू नको," त्या म्हणाल्या. "गाडी हलली की मला बघवत न्हाय. गाडी जाती का मी जाते ते कळत न्हाय, सगळं फिरतंय. मी पाठ करणार."

"करा की आक्का."

गाडी हलली. बाई वळल्या, सावकाश, आधी पाय आणि मग मान, आणि पलीकडच्या डोंगराकडं तोंड करून उभ्या राहिल्या. पाय थोडे फाकलेले. शेजारी खांब होता, तो त्यांनी धरला नव्हता. मग त्यांनी उजवा हात डोक्यावर उचलला आणि डोंगराकडं बघत माझा निरोप घेत तो हलवत राहिल्या. आमचा डबा पुढं गेला, मागचे डबे त्यांच्या पाठीमागून जात राहिले. त्या डब्यांतली अनोळखी माणसं त्या हाताला हात हलवून उत्तर देत होती.